फोडलेलं जळण कोणत्या झाडाचं? साल, गाभा, वजन आणि ट्रॉलीचा माग

ताई, बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सोलापुरात तुमचा कडक भाकरीचा उद्योग आहे आणि दिवसभर चुली पेटत्या असतात. या वेळी तुम्ही फोडलेल्या लाकडाची एक ट्रॉली घेतली. देणाऱ्यानं ‘सगळी बाभूळच आहे’ म्हणत बाभळीचा भाव लावला. आता त्यातली काही लाकडं छान जळतात, काही नुसती धुपतात, तर काही भुरकन जळून जातात आणि खाली आर, म्हणजे निखारे, राहतच नाही. ढिगातल्या पाच तुकड्यांचे फोटो पाठवून तुम्ही विचारलंय की पान नाही, फूल नाही, शेंग नाही, मग झाड ओळखायचं कशावरून?

ओळखता येतं. मी वखारीतच वाढलो आणि पुढं तोच धंदा केला. खेड्यातून आलेली गाडी उतरवताना लाकूड बघूनच भाव ठरायचा, त्यामुळं नजर आणि हात दोन्ही तयार होतात. पण एका खुणेवर कधी नाव ठरवू नका. रंगावर तर मुळीच नाही, कारण काल तोडलेलं आणि वर्षभर उन्हात पडलेलं एकच लाकूड दोन वेगळ्या झाडांचं वाटतं. निदान तीन खुणा एकाच झाडाशी जुळल्या की मग नाव घ्यावं.

सगळ्यात आधी ट्रॉली कुठल्या गावाहून आणि कुठल्या जागेवरून भरली ते विचारा. हे विचारायचं बहुतेक लोक विसरतात, आणि निम्मी ओळख तिथंच होते. आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी, जमीन कुठं काळी तर कुठं नुसता मुरूम. घनदाट जंगल आपल्याकडं नाहीच. जळण येतं ते बांधावरून, ओढ्याकाठून, गायरानातून, फळबागेतून आणि रस्त्याकडेनं. त्यामुळं सोलापुरातल्या चुलीपर्यंत नेहमी पोचणारी झाडं थोडीच आहेत: बाभूळ, चिलार, कडुनिंब, सुबाभूळ, निलगिरी, चिंच, आंबा, बोर. बाकीची अधूनमधून.

मंगळवेढा, सांगोला, दक्षिण सोलापूर या भागात ओढ्यातून, पडीक रानातून भरलेली गाडी असेल तर तिच्यात चिलार असणारच. चिलार म्हणजे आपली वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली, १८७० च्या दशकात भारतात आणली गेली आणि नंतर पसरत पसरत तिनं नदीनाल्यांचे काठ व्यापून टाकले. उजनीच्या कालव्याखालच्या बागायती पट्ट्यातून आलेल्या गाडीत सुबाभूळ आणि निलगिरी जास्त. सांगोला, पंढरपूरकडून आलेल्या बारीक, गाठाळ, पिवळसर लाकडात उपटून टाकलेली डाळिंबाची बाग असते. रस्ता रुंदीकरणातली लाकडं असतील तर कडुनिंब, चिंच, वड, करंज. ती ओळखायला सोपी, कारण खालच्या ओंडक्यांच्या सालीवर गेरू आणि चुन्याचे पट्टे राहिलेले असतात. आणि शहरातल्या छाटणीचा माल असेल तर गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री. तुमच्या माणसानं ‘शेतातलं आहे’ एवढंच सांगितलं असेल तर पुन्हा विचारा. बांधावरचं की बागेतलं, हे त्याला नक्की माहीत असतं.

मग साल. फोडलेल्या तुकड्याच्या पाठीला ती बहुधा असतेच, आणि नाव काढायला तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. म्हणून ढिगात हात घालाल तेव्हा सालीसकट तुकडे आधी वेगळे काढा. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या फोटोत साल जाड आहे, काळपट आहे, उभ्या खोल भेगा पडलेल्या आहेत. ही बाभळीची साल. खात्री करायची असेल तर सालीचा तुकडा मोडून आतली बाजू बघा. ती लालसर, तंतूदार दिसेल. याच सालीनं पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली, कारण तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. त्यावरून एक सोपी परीक्षा करता येते. सालीची आतली बाजू पाण्यानं ओली करा, तिच्यावर गंजलेला खिळा ठेवा आणि थोडा वेळ थांबा. लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की निळसर काळा डाग पडतो. ओली बाभूळ फोडताना कुऱ्हाडीच्या पात्याजवळ लाकूड काळं पडतं तेही यामुळंच. मात्र या डागावर ‘बाभूळच’ असं म्हणू नका. खैरासारख्या इतर काही झाडांतही टॅनिन भरपूर असतं आणि डाग तिथंही पडतो. डाग पडलाच नाही तर मात्र ती बाभूळ नसावी अशी शंका घ्यायला जागा आहे.

दुसरा फोटो चिलारीचा, आणि तुमचा खरा गोंधळ इथंच आहे, कारण ‘बाभूळ’ म्हणून सोलापुरात सर्रास चिलार विकली जाते. दोन्हींना काटे, दोन्ही जड, दोन्हींचा गाभा तांबूस. फरक असा की बाभळीचा बुंधा जाड आणि बऱ्यापैकी सरळ असतो. चिलार बुडापासूनच चार-सहा फांद्या फुटून वाढते, तोडली की पुन्हा फुटते. त्यामुळं तिची लाकडं मनगटाएवढी, फार तर मांडीएवढी, आणि वाकडीतिकडी. तिची साल राखाडी तपकिरी, बाभळीपेक्षा पातळ, भेगा उथळ, आणि वाळली की पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. आता तुकड्याचं तोंड बघा, म्हणजे जिथं आडवा काप गेलाय ती बाजू. चिलारीत बाहेरचं फिकट पिवळं लाकूड अगदी पातळ कडेपुरतं असतं आणि आत लगेच गडद, चॉकलेटी जांभळट गाभा सुरू होतो. दोन्हींमधली सीमा स्पष्ट दिसते. बाभळीत बाहेरचा पांढरट पिवळसर भाग चांगला रुंद असतो, विशेषतः कोवळ्या झाडात, आणि गाभा आधी गुलाबी आणि वारा लागून तांबूस तपकिरी होत जातो. तुमच्या दुसऱ्या तुकड्यात पिवळी कड अगदी बारीक आहे. ती चिलार.

पण ताई, यात फसवणूक झाली असं म्हणायची घाई करू नका. जळण म्हणून चिलार बाभळीपेक्षा कमी नाही. सुक्या बाभळीच्या लाकडातून किलोमागं ४,८०० ते ४,९५० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते आणि चिलारही त्याच तोडीची आहे. तिचा कोळसा चांगला पडतो म्हणून तर आपल्या भागात तिच्या कोळशाच्या भट्ट्या लागतात. भाकरी कडक करायला तव्याखाली जी धग टिकून राहावी लागते ती चिलारीचे निखारे उत्तम देतात. अडचण एवढीच की वाकड्या लाकडांमुळं ट्रॉलीत पोकळी फार राहते. गाडीच्या मापानं घेतली तर तुमचा तोटा, वजनानं घेतली तर नाही.

तिसरा फोटो पाहताक्षणी ओळखू आला. साल पातळ, राखाडी, जवळजवळ गुळगुळीत, तिच्यावर बारीक फुटकुळ्यांसारखे ठिपके. लाकूड फिकट, मध्ये थोडा तांबूस गाभा, आणि चीर अगदी सरळ गेलेली. ही सुबाभूळ. नावात बाभूळ असली तरी बाभळीचा भाव हिला द्यायचा नाही. ती झटपट वाढते आणि सरळ फाटते, म्हणून फोडणाऱ्याला आवडते. चुलीत चटकन पेटते, धूर कमी करते, पण लवकर संपते. ‘भुरकन जळतात आणि आर राहत नाही’ असं तुम्ही लिहिलंय ती बहुतेक हीच लाकडं. सकाळी चूल धरायला तुराट्यांच्या नंतर दोन-तीन ढलप्या हिच्या घाला, आणि मग जड लाकूड लावा. तशी वापरली तर ती वाया जात नाही.

चौथ्या तुकड्याला साल नाही. तुम्ही लिहिलंय की तो फोडताना कुऱ्हाड अडकली आणि पाचर मारूनही तो सरळ फाटला नाही. ही माहिती फोटोपेक्षा मोलाची आहे. लाकडाचे तंतू एका थरात एकीकडं आणि पुढच्या थरात दुसरीकडं कललेले असले की ते असं एकमेकांत अडकतं, आणि फाटलेल्या अंगावर एकाआड एक चमकदार आणि मंद पट्टे दिसतात. आपल्याकडं असं लाकूड मुख्यतः दोन झाडांचं, कडुनिंब आणि निलगिरी. तुकडा तांबूस आहे, त्यामुळं रंगावरून दोन्हीही शक्य होती.

इथं भिंग लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग फार महाग नसतं आणि ज्याला लाकूड विकत घ्यायचंय त्यानं ते जवळ ठेवावं. तुकड्याचं तोंड धारदार सुरीनं तासून घ्या. करवतीनं कापलेल्या खरबरीत तोंडावर काहीही दिसत नाही, लखलखीत तासलेलं हवं. त्यावर पाण्याचं बोट फिरवा आणि उजेडात धरा. बारीक बारीक छिद्रं दिसतील. झाड जिवंत असताना त्यांतून पाणी वर चढत होतं. निलगिरीत ही छिद्रं एकेकटी असतात आणि तिरप्या रांगांत मांडल्यासारखी दिसतात. कडुनिंबात काही एकेकटी आणि काही दोन-तीनच्या जोडीनं चिकटलेली, त्यांपैकी काहींत तांबूस डिंक अडकलेला. निलगिरीच्या लाकडात अधूनमधून गडद लाल गोंदाच्या शिरा सापडतात, आणि वाळताना तिची टोकं फार तडकतात. वासावर मात्र विसंबू नका. निलगिरीचं तेल पानांत असतं, त्यामुळं लाकडाला तो ओळखीचा वास येत नाही. तुम्ही चौथ्या तुकड्याचा जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहिला तर जोडछिद्रं आणि डिंकाचे ठिपके स्पष्ट आहेत. तो कडुनिंब आहे.

भिंगाखाली बाभूळही छान दिसते. छिद्रं सगळीकडं विखुरलेली आणि प्रत्येकाभोवती फिकट रंगाचं कडं. चिलारीतही असं कडं असतं, पण तिथं शेजारशेजारची कडी एकमेकांत मिसळून आडव्या लाटांसारख्या रेघा होतात. सवय झाली की सालीशिवायही या दोघी वेगळ्या काढता येतात.

तुमच्या फोटोंत नाहीत पण सोलापूरच्या ढिगात हमखास मिसळलेली आणखी काही लाकडं सांगून ठेवतो. चिंचेचं बाहेरचं लाकूड पिवळसर आणि खूप रुंद, मधोमध जांभळट काळा छोटा, वेडावाकडा गाभा. अत्यंत कठीण. उखळ, मुसळ, तेलाचा घाणा आणि खाटकाचा ठोकळा याच लाकडाचे करत आले. बोरीची साल काळपट आणि भेगाळलेली असल्यामुळं तिची बाभळीशी गल्लत होते, पण लाकूड तांबूस, बारीक पोताचं आणि एकसारखं. जळायला बाभळीच्या पंक्तीतलं. हिवराची साल फिकट, पांढरट पिवळी, आत विटकरी गाभा. शिरसाचा गाभा गडद तपकिरी, रेघारेघांचा, आणि तो करवतीनं कापताना उडणाऱ्या भुशानं हमखास शिंका येतात, म्हणून नाकाला फडकं बांधा. जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान तुम्ही ओळखालच.

यात एक कायद्याची बाजू आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ यात ठराविक झाडांची यादी आहे आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. चिंच, आंबा, जांभूळ, खैर, साग, चंदन, अंजन ही त्या यादीतली. ट्रॉलीत चिंचेचे किंवा आंब्याचे मोठे ओंडके दिसले तर तोडीची परवानगी होती का हे विचारायला संकोच करू नका. बांधावरची जुनी चिंच एकदा गेली की तेवढी सावली पुन्हा उभी राहायला दोन पिढ्या लागतात, आणि आपल्या उन्हाच्या मुलखात ती जळणाच्या भावात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. चिलार कितीही तोडा, ती पुन्हा येतेच.

आता वजनाचं बघू. हातात घेऊन अंदाज येतो, पण ओलं हलकं लाकूडही जड लागतं, म्हणून परीक्षा सुक्या तुकड्यावर करायची. एकसारख्या जाडीची, बरोबर दहा सेंटीमीटर लांबीची कांडी तासून घ्या. पाण्यानं भरलेल्या खोल भांड्यात ती उभी सोडा, आडवी पडू नये म्हणून बोटांच्या कड्यात सैल धरा आणि किती बुडते ते पाहा. आठ सेंटीमीटर बुडाली तर लाकडाची घनता पाण्याच्या सुमारे ०.८ पट. सुकी बाभूळ आणि चिलार ०.७५ ते ०.८५ च्या आसपास येतात. कडुनिंब ०.७ च्या जवळपास, सुबाभूळ आणि आंबा ०.५५ ते ०.६ च्या दरम्यान, गुलमोहर त्याहून हलका. पांगारा तर ०.३ पर्यंत खाली येतो, तो वरच तरंगतो. चिंच जवळजवळ पूर्ण बुडते. एकाच झाडाच्या फांदीत आणि बुंध्यात थोडा फरक पडतो, म्हणून आकडा तंतोतंत जुळायची अपेक्षा नको.

याच्यातून भावाचाही हिशेब लागतो. पूर्ण सुकं असेल तर कुठल्याही झाडाचं एक किलो लाकूड जवळपास सारखीच उष्णता देतं, साधारण ४,५०० ते ५,००० किलोकॅलरी. फरक पडतो तो एका ढलपीत किती किलो बसतात यानं, आणि ती किती सावकाश जळते यानं. म्हणून काट्यावर घेत असाल तर सुकी सुबाभूळ घेऊन फार नुकसान नाही, मात्र चुलीत सारखं लाकूड सारावं लागेल. ट्रॉलीच्या मापानं घेत असाल तर मात्र जड लाकूडच मागा.

आणि आता धुराकडं वळतो, कारण तुमच्या चार ओळींत मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. तुम्ही आणि तुमच्याकडच्या बायका दिवसभर त्या धुरात बसता. लाकूड धुपतं तेव्हा लोक झाडाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष झाडाचा नसतो, ओलाव्याचा असतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. समजा १०० किलो लाकडात ४० किलो पाणी आहे. सुका भाग ६० किलो, त्याची उष्णता किलोला ४,७०० धरली तर २.८२ लाख किलोकॅलरी, आणि त्यातली सुमारे २४ हजार ते पाणी वाफ करण्यातच जाणार. हाती २.५८ लाख. तेच लाकूड १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलं असतं तर १०० किलोमागं सुमारे ३.९ लाख मिळाले असते. म्हणजे पैसे तेवढेच आणि धग एक तृतीयांश कमी. शिवाय पाण्यामुळं जाळ थंड पडतो, लाकडातला वायू न जळता तसाच बाहेर येतो, आणि तोच तो डोळ्यांत झोंबणारा धूर.

ओलावा घरी मोजता येतो. ढलपी मधोमध फोडा, आतल्या अंगाचा एक तुकडा काढा, लगेच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि चुलीच्या वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या तोंडावर, किंवा कडक उन्हात ठेवा. रोज तोलत जा. वजन उतरायचं थांबलं की जेवढं कमी झालं निदान तेवढं पाणी होतं. शंभर ग्रॅमचा तुकडा सत्तरवर थांबला तर निदान तीस टक्के. बाहेरच्या बाजूचा तुकडा घेऊ नका, तो आधी वाळतो आणि खोटी समाधानकारक गोष्ट सांगतो. ट्रॉली उतरवतानाच पाहायचं असेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुक्या असतील तर खणखणीत वाजतात, ओल्या असतील तर बद्द आवाज येतो. टोकाला मध्यापासून सालीकडं गेलेल्या चिरा आणि सुटायला आलेली साल ही वाळल्याची खूण. तुमचा चौथा तुकडा, कडुनिंबाचा, याच कसोटीवर ओला दिसतो. टोकाला एकही चीर नाही, साल ओरबाडून काढल्यासारखी गेली आहे. धुपणारी लाकडं हीच असावीत. ती आता बाजूला रचून ठेवा. जमिनीवर थेट नको, खाली दोन आडवी लाकडं टाकून, मधून वारा जाईल अशी एकाआड एक उभी-आडवी थप्पी करा, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या. मार्च ते मे या आपल्या उन्हात फोडलेलं लाकूड लवकर वाळतं. अखंड ओंडका मात्र त्याच वेळात आतून ओलाच राहतो, म्हणून आधी फोडा, मग वाळवा. कडुनिंब वाळल्यावर चांगलं जळतं. धुराला थोडा उग्र वास असतो, तेव्हा तव्याखाली जाळासाठी वापरा. भाकरी थेट आरावर शेकायची असेल तर बाभूळ-चिलारीचे निखारे घ्या.

बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर घाबरू नका. तो किड्यांचा उद्योग आहे. त्यांना बाहेरच्या भागातलं पिष्ट हवं असतं, गाभ्याला ते सहसा शिवत नाहीत. असं लाकूड आधी वापरून टाका, म्हणजे थप्पीत कीड पसरणार नाही.

डाळिंबाच्या लाकडाबद्दल मात्र सावध राहा. लाकूड कठीण, पिवळसर, बारीक पोताचं, आणि निखारा चांगला धरतं. पण खोडकिडा आणि भुंगेऱ्यांपासून वाचवायला बागायतदार खोडाला गेरू, कीटकनाशक आणि तांबेयुक्त बुरशीनाशक यांचा लेप लावतात. शिवाय फवारण्या असतातच. खोडावर लाल किंवा निळसर हिरवा थर दिसला तर ते लाकूड अन्नाच्या चुलीत घालू नका, अंघोळीच्या बंबातही नको. रस्त्याकडेच्या झाडांवरही गेरू असतो, पण तिथं बुंधा जाड आणि पट्टे आखलेले असतात. डाळिंबाचं खोड बारीक आणि लेप ओबडधोबड फासलेला असतो. रंगवलेल्या चौकटी, प्लायवूड, सनमायका लावलेले तुकडे यांनाही हाच नियम.

आणि कण्हेर. महामार्गाच्या दुभाजकावर ती हजारोंनी लावलेली असते आणि छाटणीच्या काड्या कुणीतरी फुकट मिळाल्या म्हणून जळणात टाकतो. साल राखाडी, गुळगुळीत, लाकूड फिकट आणि मऊ, ओलं असताना मोडलं तर चीक येतो. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, धूरही घेऊ नये. पिवळी कण्हेर आणि बांधावरचा शेर यांनाही चुलीपासून लांब ठेवा. शेराच्या चिकानं डोळ्यांना गंभीर इजा होते. म्हणूनच अनोळखी लाकूड चाखून बघायचा जुना सल्ला कुणी दिला तरी तो पाळू नका.

राहिला पाचवा तुकडा. साल नाही, रंग पांढरट पिवळा, हाताला हलका, मध्ये काळसर डाग. बाभूळ तर तो नक्कीच नाही. तीन शक्यता आहेत. आंब्याचं लाकूड करडं पिवळसर असतं आणि त्यात बुरशीमुळं काळपट रेघा उतरतात. तुकड्याला कुठं सालीचा कण चिकटलेला असेल तर तो ओला करून चोळा, कैरीच्या चिकासारखा वास आला तर आंबा. गुलमोहर याहून हलका, नख दाबलं की खूण उमटते, आणि छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकी मोठी. तिसरी शक्यता वड, पिंपळ किंवा उंबर. त्यांच्या तासलेल्या तोंडावर फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक, गोलाकार, सगळीकडं भरलेले दिसतात. असे दाट पट्टे बाकी दोघांत दिसत नाहीत. तुमच्याकडं वड-पिंपळ-उंबर चुलीत घालत नसतील तर हे आधी पाहून घ्यायला हवं, म्हणून या पाचव्यासारखे तुकडे सध्या वापरू नका. तुकड्याचं तोंड सुरीनं तासा, ओलं करा, भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरून सावलीत फोटो काढा, सोबत दहा सेंटीमीटरची कांडी किती बुडाली तो आकडा लिहा. तेवढ्यावर नाव सांगतो.